सहाशे चॅनलचं पॅनल आणि ‘इंटरनेटला लायसन्स लागत नाही’ ही थाप

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आला आहे. थोडा आटोपशीर करून देतो: “माझ्याकडे फायबरची साधारण ११०० ब्रॉडबँड कनेक्शनं आहेत. लोक म्हणतात, नेटबरोबर टीव्हीपण द्या. एक एजंट आयपीटीव्हीचं, म्हणजे इंटरनेटच्या लाइनवरून टीव्ही दाखवायचं, पॅनल देतोय. ६०० चॅनल, वर नवे सिनेमे. मला एका कनेक्शनला महिना ४० रुपये पडतील, मी गिऱ्हाइकाकडून १५० घ्यायचे. तो म्हणतो, हे इंटरनेटवरून येतं, त्यामुळे केबल ॲक्ट लागत नाही आणि ओटीटीला लायसन्स नसतंच. हे खरं आहे का? आणि आमच्या जत्रेची पालखी लाइव्ह दाखवायला स्वतःचं चॅनल काढता येईल का?”

पहिल्याचं उत्तर: पॅनल, म्हणजे ग्राहकांचे आयडी बनवून चॅनल विकायचं ते सॉफ्टवेअर, घेऊ नका. दुसऱ्याचं उत्तर: येईल, पण तुम्हाला वाटतंय त्या पद्धतीने नाही. मी वीसेक वर्षं केबल आणि इंटरनेटवाल्यांचे कागद बघतोय, आणि हा एजंट, म्हणजे हाच नव्हे, याचे भाऊबंद, दर सहा महिन्यांनी माझ्या कुठल्या ना कुठल्या पक्षकाराच्या दुकानात येऊन बसतात. त्यांची थाप पक्की असते, कारण तिच्यात अर्धं खरं असतं.

खरं अर्धं आधी सांगतो. ओटीटीला लायसन्स लागत नाही, हे बरोबर आहे. भारतात ॲपवरून मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीला सरकारकडून परवाना काढावा लागत नाही. ९ नोव्हेंबर २०२० ला ऑनलाइन मजकूर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत गेला आणि २५ फेब्रुवारी २०२१ ला आयटी ॲक्टखालचे नवे नियम आले. त्यांत ओटीटी कंपन्यांनी काय करायचं ते आहे: कार्यक्रमाला वयोगटाचा शिक्का (यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए), १३+ पासून वरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप, तक्रार निवारण अधिकारी, आणि पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल. त्याच्यावर कंपन्यांची स्वनियमन संस्था, आणि सगळ्यात वर सरकारी समिती. या नियमांतलं नववं कलम, म्हणजे आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि ही तीन मजली रचना, याला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ ला अंतरिम स्थगिती दिली. त्यात एक अर्जदार आपले पत्रकार निखिल वागळे होते. म्हणून सगळं मोकाट आहे असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये मंत्रालयाने अश्लील मजकुरावरून एका फटक्यात १८ ओटीटी बंद केले. परवाना नाही, पण बडगा आहे.

आता घोडं कुठे पेंड खातं ते बघा. ही सूट मिळते ती स्वतःच्या हक्काचा मजकूर दाखवणाऱ्याला. ज्याने मालिका काढली किंवा पैसे मोजून तिचे हक्क घेतले, त्याला ती इंटरनेटवरून दाखवायला वेगळं लायसन्स नको. तुमच्या एजंटकडे सहाशेपैकी एकाही चॅनलचा हक्क नाही. त्यामुळे तो ओटीटी आहे की आयपीटीव्ही, हा वाद त्याच्या बाबतीत उद्भवतच नाही. कायदा आधी विचारतो सिग्नल कोणाकडून घेतला, आणि तार कोणती हे त्यानंतर.

‘आयपीटीव्ही’ हा शब्दच मोठा घोळ करतो. गावात तो चोरीच्या पॅनलला वापरतात, आणि सरकारच्या कागदात तो पूर्ण कायदेशीर सेवेला वापरला आहे. मंत्रालयाने ८ सप्टेंबर २००८ ला आयपीटीव्हीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार ट्रिपल प्लेचं (एकाच लाइनवर फोन, इंटरनेट आणि टीव्ही) लायसन्स असलेल्या टेलिकॉम कंपन्यांना ही सेवा देता येते. इंटरनेट कंपन्यांसाठी त्यात १०० कोटी रुपये निव्वळ मालमत्तेची अट होती. आणि १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखाली नोंदणी असलेल्या केबलवाल्याला आयपीटीव्हीसाठी पुन्हा वेगळी परवानगी लागत नाही. शेवटचं वाक्य एजंटला ठाऊक असतं, आणि तो ते मोडूनतोडून सांगतो. ‘वेगळी परवानगी लागत नाही’ याचा अर्थ केबलवाला म्हणून आधीची नोंदणी हवीच, आणि केबलचे बाकी सगळे नियम लागू. चॅनल सरकारने डाउनलिंकची, म्हणजे उपग्रहावरून भारतात उतरवून घ्यायची, परवानगी दिलेलीच हवीत. दूरदर्शनची ठरवून दिलेली चॅनल द्यावीच लागतात. प्रोग्रॅम कोड आणि जाहिरात कोड पाळायचा. प्रत्येक पे चॅनलसाठी ब्रॉडकास्टरशी, म्हणजे चॅनल कंपनीशी, लेखी करार हवा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक. त्याच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांत केबलचा एमएसओ (चॅनल गोळा करून गावोगावच्या केबलवाल्यांना पुरवणारा), डीटीएच, हिट्स (हेच काम उपग्रहावरून करणारी सेवा) आणि आयपीटीव्ही एकाच रांगेत बसवले आहेत. लेखी कराराशिवाय सिग्नल नाही, हे चौघांनाही सारखं.

या कागदांच्या मागे यंत्रणा उभी असावी लागते. कोणता बॉक्स कोणाच्या घरी आहे, त्यावर कोणतं चॅनल चालू आहे, महिन्याला किती ग्राहक होते, याचा हिशेब ठेवणारी सिस्टिम. तिचं दरवर्षी ऑडिट. सिग्नल एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद. आणि फिंगरप्रिंटिंग. टीव्हीवर मधूनच कोपऱ्यात आकड्यांची एक ओळ चमकून जाते ना, तेच. तो त्या बॉक्सचा किंवा कार्डाचा नंबर असतो. ब्रॉडकास्टर पाहिजे तेव्हा तो पडद्यावर आणू शकतो.

त्या आकड्यांवरून एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा एक पक्षकार, तुमच्यासारखाच, हजारभर कनेक्शनं, असंच पॅनल चालवत होता. मला कळलं ते पोलीस येऊन गेल्यावर. चॅनल कंपनीच्या माणसाने एका चहाच्या टपरीत बसून मॅच बघितली होती, टपरीवाला याचाच ग्राहक. षटक संपता संपता पडद्यावर आकडे आले, त्याने मोबाइलवर फोटो काढला. तो नंबर निघाला दुसऱ्याच राज्यातल्या एका डीटीएच कार्डाचा. कोणीतरी घरगुती डीटीएचचा बॉक्स एन्कोडरला जोडून सर्व्हरवर चढवला होता, आणि तेच चित्र हा इथे विकत होता. पंचनाम्यात लॅपटॉप गेला, स्विच गेले आणि ओएलटी, म्हणजे सगळ्या फायबर लाइनींचं मुख्य यंत्र, तीही गेली. ओएलटी गेल्यावर टीव्ही राहू द्या, गावाचं इंटरनेट बंद पडलं. बँकेची शाखा त्याच्याच लाइनवर होती. पॅनलवाल्या एजंटचा फोन त्याच संध्याकाळपासून बंद. पैसे गेले होते ते कुणाच्या तरी बचत खात्यावर, यूपीआयने. जीएसटीचं बिल एकही नाही. माझ्या पक्षकाराच्या हातात एजंटविरुद्ध दाखवायला व्हॉट्सॲपवरचे ‘क्रेडिट ॲड केले’ असे दोन-चार मेसेज, बस.

‘मी नुसता रिसेलर आहे’ हा बचाव चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३७ खाली प्रसारकाचा स्वतःचा हक्क आहे, त्याची मुदत २५ वर्षं. परवानगीशिवाय ते प्रसारण पुन्हा प्रसारित करणं किंवा पैसे घेऊन लोकांना दाखवणं हा त्याचा भंग. शिवाय सिनेमे आणि गाण्यांचे कॉपीराइट वेगळे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ ला निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्याआधी या मुद्द्यावर उच्च न्यायालयांचे वेगवेगळे निकाल होते आणि आम्हा वकिलांना भांडायला जागा होती. आता पोलीस थेट एफआयआर घेतात आणि आपण अटकपूर्व जामिनाला पळतो. एन्क्रिप्शन फोडण्याबद्दल कलम ६५अ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. नवे सिनेमे थिएटरमधून चोरलेले असतील तर २०२३ चा सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायदा: कैद तीन महिने ते तीन वर्षं, दंड किमान ३ लाख आणि वर सिनेमाच्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत.

उलट केबल कायद्याची शिक्षा सौम्य झाली आहे. पूर्वी कलम १६ मध्ये पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दंड, ताकीद, समज अशा गोष्टी ठेवल्या. एजंट हे कात्रणही दाखवतात, ‘बघा, आता जेल नाही’. कॉपीराइटची जेल तशीच आहे, हे कात्रणात नसतं. आणि केबल कायद्याखाली सामान जप्त करण्याचा अधिकारही कायम आहे. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त हे त्यातले प्राधिकृत अधिकारी.

‘मी तर इंटरनेट पुरवणारा, मध्यस्थ आहे, आयटी ॲक्टचं कलम ७९ मला वाचवेल’ असंही तुमच्या मनात येईल. तुमच्या लाइनवर ग्राहक आपणहून काही बघतो, तेव्हा ते संरक्षण आहे. तुम्ही स्वतः चॅनल निवडून, आयडी तयार करून, महिन्याचे पैसे वसूल करायला लागलात की तुम्ही मध्यस्थ उरत नाही, दुकानदार होता.

कायदा बाजूला ठेवून नुसता हिशेब करा. ट्रायच्या दर-आदेशानुसार ज्या पे चॅनलची किंमत १९ रुपयांपर्यंत आहे तीच पॅकेजमध्ये घालता येतात, आणि पॅकेजवर ब्रॉडकास्टरला जास्तीत जास्त ४५ टक्के सवलत देता येते. समजा १९ रुपयांची फक्त दहा चॅनल घेतली. १९० झाले. पूर्ण ४५ टक्के सवलत धरली तर १०४ रुपये ५० पैसे. त्यातले २० टक्के वितरकाचे, म्हणजे ब्रॉडकास्टरला ८३ रुपये ६० पैसे जाणार. वर १८ टक्के जीएसटी. दहा चॅनलचा हा भाव असताना तो तुम्हाला सहाशे चॅनल ४० रुपयांत देतोय. यातली मेख शोधायला वकील लागत नाही.

तो आणखी एक सांगतो, मला पाठ आहे: ‘अमेरिकेत, दुबईत सगळे मराठी लोक हेच बघतात.’ बघतात, खोटं नाही. माझ्या मावसभावाकडे न्यू जर्सीत असाच एक डबा आहे, आणि सहा महिन्यांत दोनदा सर्व्हर बंद पडून त्याचे वर्षभराचे पैसे बुडाले. पण बघणारा वेगळा आणि विकणारा वेगळा. अमेरिकेने २०२० च्या डिसेंबरात केलेला कायदा चोरीचं स्ट्रीमिंग धंदा म्हणून चालवणाऱ्याला फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, घालतो. तुम्ही विकणारे आहात.

मग सरळ मार्गाने काय करता येईल? स्वतः हेडएंड (चॅनलचे सिग्नल घेऊन पुढे पाठवायचं केंद्र) उभारून ब्रॉडकास्टरशी करार करणं ११०० कनेक्शनांच्या जिवावर परवडणार नाही. एमएसओची नोंदणी म्हणजे एक लाख रुपये शुल्क आणि दहा वर्षं मुदत, पण खरा खर्च हेडएंड, एन्क्रिप्शन आणि ऑडिटचा आहे. तुम्ही एलसीओ, म्हणजे लोकल केबल ऑपरेटर, व्हा. पूर्वी यासाठी मुख्य पोस्ट ऑफिसात फॉर्म भरून पाचशे रुपये भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. पोस्टातल्या साहेबांना तो फॉर्म कुठल्या कपाटात आहे हेच आठवायचं नाही, ते दिवस गेले. १७ जानेवारी २०२५ पासून नोंदणी मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन होते, शुल्क पाच हजार, मुदत पाच वर्षं. संपायच्या ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नोंदणी झाली की ज्याचे ब्रॉडकास्टरशी करार आहेत अशा एमएसओशी किंवा आयपीटीव्ही कंपनीशी करार करा. फायबर तुमचंच, चॅनल त्यांची, बॉक्स किंवा ॲप त्यांच्या सिस्टिमवर नोंदलेला. ट्रायने या करारासाठी आदर्श मसुदा दिलेला आहे. वाटणीवर वाटाघाटी होतात. एकमत झालं नाही तर प्रमाणित करार लागू होतो, त्यात नेटवर्क शुल्काची (चॅनलच्या किमतीखेरीज ग्राहक दरमहा देतो ते) वाटणी एमएसओला ५५ आणि तुम्हाला ४५ अशी आहे. त्या शुल्कावर १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढली, तेव्हा किती लावायचं हे ठरवायला आता मोकळीक आहे. करार सही होण्याआधी एक तार जोडू नका. ‘चालू करू, कागद नंतर’ असं मोठ्या कंपनीचा माणूसही म्हणतो. वाद झाला तर तो टीडीसॅटपुढे, म्हणजे टेलिकॉम आणि प्रसारणाच्या वादांच्या न्यायाधिकरणापुढे, दिल्लीत जातो, आणि तिथे पहिला प्रश्न कराराच्या तारखेचा असतो.

दुसरी वाट सोपी आहे. ब्रॉडबँड प्लॅनबरोबर ओटीटीचं पॅक द्यायचं. अनेक ओटीटी एकत्र विकणाऱ्या ॲग्रीगेटर कंपन्या आहेत. त्यांच्याशी करार केला की प्रत्येक ग्राहकाच्या मोबाइल नंबरवर त्याचं स्वतःचं लॉगिन तयार होतं. यासाठी केबलची नोंदणी लागत नाही. या ॲपमध्ये लाइव्ह चॅनलही असतात, आणि हे केबलवाल्यांच्या पोटात दुखणारं आहे. टीव्हीवर पैसे आणि मोबाइलवर तीच मॅच फुकट, म्हणून केबलवाल्यांचा महासंघ स्टार इंडियाविरुद्ध टीडीसॅटमध्ये गेला होता. २०२३ मध्ये टीडीसॅटने अंतरिम आदेशात प्रथमदर्शनी असंच मत दिलं, की ओटीटी म्हणजे टीव्ही चॅनल नव्हे आणि तो ट्रायच्या कक्षेत येत नाही. माझ्या मते केबलवाल्यांची तक्रार व्यवहाराला धरून आहे, पण आजचा कायदा त्यांच्या बाजूचा नाही. तुम्हाला त्याचा फायदाच आहे. फक्त एक पथ्य: स्वतःच्या नावाचं एक लॉगिन घेऊन ते पन्नास घरांत वाटणं ही पुन्हा पॅनलचीच धाकटी बहीण.

ओटीटी पॅक विकायला लागलात की ‘माझे पैसे परस्पर कापले’ म्हणून भांडणं तुमच्याच काउंटरवर येणार. तेव्हा दोन गोष्टी ठाऊक असू द्या. कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे जाणार असतील तर २४ तास आधी सूचना जायला हवी आणि ग्राहकाला तो आदेश रद्द करता यायला हवा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. आणि सदस्यत्व घेणं सोपं, सोडणं मुद्दाम अवघड, याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ॲपमधल्या फसव्या मांडणीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलं आहे. ग्राहकाला १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर द्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता पालखी. केबलवरचं स्थानिक चॅनल हे कागदोपत्री ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असतं, आणि ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते एमएसओच्या नावावर नोंदवावं लागतं, एका चॅनलला एक हजार रुपये. तुमच्या एमएसओला सांगा, जत्रेपुरता त्याच्या नोंदवलेल्या चॅनलवर वेळ मागा. बरेच देतात, जाहिरातीत वाटा घेतात. नाहीतर सरळ यूट्यूबवर लाइव्ह करा, त्याला नोंदणी नाही. पण गाण्यांची काळजी घ्या. पालखीपुढे डीजेवर सिनेमाचं गाणं लागलं की लाइव्ह मध्येच बंद पडतं, हे तुम्ही पाहिलं असेल. रेडिओ-टीव्हीला कायद्याने ठरलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवायची सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड मध्ये आहे. ती इंटरनेटच्या स्ट्रीमिंगला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. म्हणजे इंटरनेटवर गाण्याच्या मालकाची परवानगीच हवी. गावच्या भजनी मंडळाचा आवाज घ्या, डीजेजवळचा माइक बंद ठेवा.

‘लवकरच सगळं बदलणार आहे’ असंही एजंट म्हणेल. प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला होता, त्यात ओटीटीही घेतलं होतं. पुढचा मसुदा २०२४ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. २०२३ च्या नव्या टेलिकॉम कायद्याखाली प्रसारण परवान्यांची रचना कशी असावी यावर ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये शिफारशी दिल्या आहेत. यातल्या कुठल्याही कागदात दुसऱ्याचं चॅनल विकायची मुभा नाही.

एजंट पुन्हा येईल तेव्हा त्याला चहा द्या आणि सांगा, कुठल्याही एका पे चॅनलच्या कराराची प्रत दाखव, आणि ४० रुपयांचं जीएसटी बिल कुठल्या कंपनीच्या नावाने देणार ते लिहून दे. माझ्या पक्षकारांपैकी तिघांनी हे केलं. तिघांकडेही तो पुन्हा आला नाही.